१९५६ च्या परफेक्ट गेमची स्कोअरशीट शून्यापासून बांधताना – कामाच्या नोंदी

४ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे पुढे कुणाला अशीच जुनी मॅच बांधायची असेल तर उपयोग होईल. मॅच बेसबॉलची आहे, ८ ऑक्टोबर १९५६ ची, वर्ल्ड सिरीजची (अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका) पाचवी, न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, ब्राँक्समधलं यँकी स्टेडियम. यँकीज २, डॉजर्स ०. प्रेक्षक ६४,५१९, वेळ २ तास ६ मिनिटं. यँकीजचा पिचर (बॉल टाकणारा) डॉन लार्सन, डॉजर्सचे २७ बॅटर आले आणि २७ च्या २७ आउट, एकही जण पहिल्या बेसवर पोचला नाही, यालाच परफेक्ट गेम म्हणतात. वर्ल्ड सिरीजमधे असं आजवर एकदाच झालंय.

मला करायचंय असं की एक्सेलमधे प्रत्येक बॅटरची एक ओळ भरायची, आणि त्या ओळींवरून बॉक्स स्कोअर (प्रत्येक खेळाडूच्या आकड्यांचा तक्ता) आपोआप तयार झाला पाहिजे, मग तो तेव्हाच्या छापील बॉक्स स्कोअरशी जुळवून बघायचा. हीच मॅच का, तर डॉजर्सची बाजू शिकायला एकदम सरळ आहे, बेसवर कुणीच नाही त्यामुळे धावणाऱ्यांची भानगड नाही, आणि यँकीजच्या बाजूला होम रन (सिक्सरसारखा फटका), वॉक (चार पिच बाहेर पडल्याने फुकट मिळालेला बेस), सॅक्रिफाइस (स्वतः आउट होऊन बेसवरच्याला पुढे सरकवणं), डबल प्ले (एका बॉलवर दोन आउट) सगळं आहे. म्हणजे एकाच मॅचमधे सोपा पेपर आणि अवघड पेपर दोन्ही.

मी बरीच वर्षं क्लब क्रिकेटचं स्कोअरिंग केलंय, त्यामुळे बॅटिंगची बेरीज आणि बोलिंगची बेरीज टॅली झाल्याशिवाय वही बंद करायची नाही ही सवय आहे. बेसबॉलमधे ती टॅली कशी करतात तेच मुळात बघायचंय.

६ जानेवारी

पहिला प्रयत्न फुकट गेला. छापील बॉक्स स्कोअर समोर ठेवून उलटं मागे जायचं असं ठरवलं होतं, म्हणजे निकालावरून खेळ काढायचा. होतच नाही. डॉजर्सची बॅटिंग बघा, आकडे ओळीने ॲट-बॅट (मोजली जाणारी बॅटिंगची पाळी), रन आणि हिट (बॉल मारून बेस गाठणं): गिलियम ३ ० ०, रीस ३ ० ०, स्नायडर ३ ० ०, रॉबिन्सन ३ ० ०, हॉजेस ३ ० ०, अमोरोस ३ ० ०, फुरिलो ३ ० ०, कॅम्पॅनेला ३ ० ०, शेवटच्या जागी मॅग्ली २ ० ० आणि त्याच्या जागी आलेला मिचेल १ ० ०. आता यातून काय काढणार? रॉबिन्सनचा थोडक्यात हुकलेला हिट आणि कॅम्पॅनेलाचा बिनत्रासाचा पॉप (उंच उडालेला सोपा झेल), दोन्हीचं शून्य सारखंच दिसतं.

म्हणून दिशा बदलली. आधी घटनाक्रम, मग बॉक्स. रेट्रोशीट नावाची स्वयंसेवी संस्था १९८९ पासून जुन्या मॅचेसचा घटनाक्रम गोळा करून फुकट देते, त्यांची लिहायची पद्धत शिकायला घेतली. एक ओळ म्हणजे इनिंग, कुठली टीम, बॅटर, काउंट (किती ‘बॉल’ म्हणजे बाहेर पडलेले पिच आणि किती स्ट्राइक), आणि काय झालं. बस, एवढंच पुरतं.

११ जानेवारी

फिल्डरचे नंबर पाठ केले: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, लेफ्ट ७, सेंटर ८, राइट ९. घोळ होतो तो ५ आणि ६ मधे. शॉर्टस्टॉप उभा असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, त्यामुळे क्रमाने मोजत गेलं की तो ५ वाटतो, पण तो ६ आहे. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने कागद लावला, तुम्हीपण लावा.

४-३ म्हणजे दुसऱ्या बेसवाल्याने बॉल उचलला, पहिल्या बेसवर फेकला, बॅटर आउट. नुसता ८ म्हणजे सेंटर फिल्डरने झेल घेतला. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन आउट) के, आणि बॅट न फिरवता उभ्या उभ्या गेला तर उलटा के.

आता मोठा खड्डा, इथे पूर्ण संध्याकाळ गेली. एक्सेलमधे ४-३ टाइप केलं की त्याचं ०४-मार्च होतं. ५-६-३ टाकलं तर २००३ सालची तारीख. आणि नंतर फॉरमॅट बदलून काही उपयोग नाही, कारण आत तोपर्यंत तारखेचा पाच आकडी नंबर जाऊन बसलेला असतो, टेक्स्ट केलं की तो नंबर दिसतो आणि मूळ काय लिहिलं होतं ते गेलं. उपाय: रकाना रिकामा असतानाच टेक्स्ट करून ठेवायचा, मग टाइप करायचं. दुसरा उपाय म्हणजे रेट्रोशीटसारखं मधली रेघच टाळायची, ४३, ५६३ असं सलग लिहायचं. मी दोन्ही केलं. भरलेल्या सगळ्या ओळी पुसून परत भरल्या.

१८ जानेवारी

आज फिल्म. त्या दिवशीचं एनबीसीचं टीव्ही प्रक्षेपण तेव्हा स्क्रीनवरून फिल्मवर उतरवलेलं होतं, ते बऱ्याच वर्षांनी एका संग्राहकाला सापडलं आणि १ जानेवारी २००९ ला एमएलबी नेटवर्क चॅनेल सुरू झालं त्याच दिवशी परत दाखवलं गेलं. त्यात पहिली इनिंग नाही. म्हणजे गिलियम आणि रीसचे स्ट्राइकआउट आणि स्नायडरचा राइट फिल्डला गेलेला लाइनर (सरळ सपाट फटका) या तीन ओळी लेखी नोंदीवरूनच घ्याव्या लागतात. मी त्या पिवळ्या केल्या, म्हणजे ‘डोळ्यांनी पाहिलेलं नाही’. ही खूण फार महत्त्वाची वाटते मला. पाहिलेली ओळ आणि वाचलेली ओळ एकाच रंगात असेल तर सहा महिन्यांनी आपल्यालाच कळत नाही कुठली कुठून आली.

फिल्म कृष्णधवल, कॅमेरे मोजके, आजच्यासारखा कोपऱ्यात बॉल-स्ट्राइकचा डबा नाही. काउंट कळतो तो कॉमेंट्रीतून, पहिला अर्धा मेल ॲलन आणि पुढचा विन स्कली. त्यामुळे आवाज बंद करून बघायचा विचारसुद्धा करू नका. हेडफोन लावा, एक बॅटर बघा, थांबवा, लिहा, पुढे. बघता बघता लिहायला जाल तर पुढच्याचा पहिला पिच हमखास निसटतो.

कागदावर एक गोष्ट लगेच लक्षात आली. कुणीच बेसवर जात नाही त्यामुळे दर इनिंगला तीनच बॅटर, म्हणून पहिली, चौथी, सातवी इनिंग कायम गिलियम सुरू करतो, दुसरी, पाचवी, आठवी रॉबिन्सन, आणि तिसरी, सहावी, नववी फुरिलो. तुमच्या शीटमधे या जागी दुसरं कुणी आलं तर ओळ कुठेतरी चुकलीय, पुढे जाऊ नका.

१९ जानेवारी

फक्त एका ओळीवर आज बसले. दुसरी इनिंग, पहिला बॅटर जॅकी रॉबिन्सन. त्याने तिसऱ्या बेसच्या दिशेने सणसणीत बॉल मारला, यँकीजचा तिसरा बेसवाला अँडी केरी याने हात घातला, बॉल त्याच्या ग्लोव्हला लागून उडाला आणि शॉर्टस्टॉप मॅकडुगल्डकडे गेला, त्याने उचलून थेट पहिल्या बेसवर फेकला, तिथे उभ्या असलेल्या जो कॉलिन्सच्या ग्लोव्हमधे बॉल पोचला तेव्हा रॉबिन्सन जेमतेम पाऊलभर मागे. रॉबिन्सन तेव्हा ३७ वर्षांचा होता. पाच वर्षं आधीचा रॉबिन्सन असता तर पोचला असता असं मला फिल्म बघताना मनापासून वाटलं.

हे लिहायचं ५-६-३. पहिल्यांदा वाटलं की केरीला कशाला धरायचं, त्याच्याकडून तर बॉल सुटलाच. पण नियम स्पष्ट आहे, फिल्डरच्या हाताला लागून बॉलची दिशा बदलली आणि त्यातून आउट मिळाला तर त्याला असिस्ट (आउटला हातभार लावल्याची नोंद) द्यायचा. म्हणून केरी १ असिस्ट, मॅकडुगल्ड १ असिस्ट, कॉलिन्स १ पुटआउट (आउट पूर्ण केल्याची नोंद). नुसतं ६-३ लिहिलं असतं तर तो शॉर्टस्टॉपकडे गेलेला साधा बॉल दिसला असता आणि त्या दिवसातला हिटच्या सगळ्यात जवळ गेलेला एक क्षण शीटमधून गायब. शिवाय पुढे असिस्टची बेरीज एकाने कमी आली असती आणि मी ती कुठेतरी भलतीकडेच शोधत बसले असते.

२५ जानेवारी

यँकीजच्या फिल्डिंगची बेरीज. सूत्र सोपं केलं: कोडमधला शेवटचा आकडा म्हणजे पुटआउट, त्याच्या आधीचे सगळे असिस्ट. एकूण पुटआउट यायला हवेत २७, आले २०.

शोधायला वेळ लागला पण कारण साधं निघालं, के मधे आकडाच नाही. स्ट्राइकआउट झाला की पुटआउट कॅचरच्या नावावर जातो, आणि माझ्या सूत्राला ते माहीतच नव्हतं. लार्सनचे स्ट्राइकआउट ७, आणि २० अधिक ७ बरोबर २७. के असेल तर २ धर अशी अट घातली आणि टॅली झाली.

आता हा तक्ता बघा, मला बॅटिंगच्या तक्त्यापेक्षा हाच आवडतो:

बेरा (कॅचर) – पुटआउट ७, असिस्ट ०
कॉलिन्स – ७, ०
मार्टिन – ३, ४
मॅकडुगल्ड – ०, २
केरी – १, १
स्लॉटर – १, ०
मँटल – ४, ०
बाउअर – ४, ०
लार्सन – ०, १
एकूण – २७, ८

यात अख्खा खेळ आहे. ७ स्ट्राइकआउट बेराकडे. ७ जमिनीवरचे बॉल कॉलिन्सपर्यंत. इनफिल्डमधे हवेतले ४, त्यातले ३ पॉप बिली मार्टिनने घेतले आणि एक लाइनर केरीने, हॉजेसचा, आठव्या इनिंगमधला, जमिनीच्या अगदी जवळ. आउटफिल्डमधे ९. मार्टिनचा हात सात आउटमधे आहे, म्हणजे लार्सनच्या स्ट्राइकआउटइतकाच. परफेक्ट गेम लार्सनच्या नावावर आहे आणि तो असायलाच हवा, पण २७ मधले २० आउट दुसऱ्यांच्या ग्लोव्हमधे किंवा दुसऱ्यांच्या फेकीवर झालेत, एक त्याने स्वतः उचलून फेकला तो धरून. १९५० च्या दशकात वर्तमानपत्रातल्या बॉक्स स्कोअरमधे हे दोन रकाने प्रत्येक खेळाडूपुढे छापायचे. आता ते छापणं जवळपास बंदच झालंय, आणि माझ्या मते जुनी मॅच तपासायचं सगळ्यात चांगलं हत्यार तेच आहेत.

१ फेब्रुवारी

पाचवी इनिंग. हॉजेसने लेफ्ट-सेंटरच्या खोल भागात लांब बॉल मारला, यँकी स्टेडियमची ती बाजू म्हणजे मैदानच मैदान, मिकी मँटल तिरका धावत गेला आणि उलट्या हाताने ग्लोव्ह लांबवून झेल घेतला. कोड: ८. लगेच पुढे अमोरोसने राइट फिल्डच्या कडेने सीट्सच्या दिशेने बॉल मारला, होम रनच वाटला, थोडक्यात फाउल (रेषेबाहेर) गेला. मग तो ४-३ आउट झाला. कोड: ४-३.

हे मी भाच्याला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन शेअर करून दाखवलं, तो न्यू जर्सीत असतो आणि बेसबॉल माझ्यापेक्षा कितीतरी जास्त बघतो. तो म्हणाला, “मावशी, तो फाउल तुझ्या शीटमधे कुठे आहे?” कुठेच नाही. स्ट्राइकच्या मोजणीत एक वाढला, संपलं.

त्यावरून शेवटी ‘शेरा’ असा रकाना घातला. नियम असा ठेवला की शेऱ्यातलं काहीही बेरजेत जाणार नाही, पण प्रत्यक्ष पाहिलेलं असेल तर लिहायचंच. केरीचा उडालेला बॉल, मँटलची धाव, अमोरोसचा फाउल, तिन्ही तिथे आहेत. कुणी म्हणेल हे आकडेवारीत बसत नाही. नसेल बसत, पण या तीन ओळी नसत्या तर ही मॅच कशी टिकली ते कळायला दुसरा मार्ग नाही.

८ फेब्रुवारी

पिच मोजायचा नाद सोडला. लार्सनने ९७ पिच टाकले हा आकडा सगळीकडे आहे, पण तेव्हाच्या बॉक्स स्कोअरमधे पिचची मोजणी नसायची, आणि फिल्मला पहिली इनिंगच नाही म्हटल्यावर माझी बेरीज स्वतंत्रपणे ९७ ला जाऊन भिडणं शक्य नाही. अंदाजाने भरून बेरीज बरोबर आणणं म्हणजे खोटी वही. रकाना आहे, जिथे खात्री आहे तिथेच भरलाय. रीस, पहिली इनिंग, ३-२ काउंट, त्या दिवशी तीन बॉलपर्यंत गेलेला तो एकमेव बॅटर. आणि शेवटचा डेल मिचेल: बॉल, स्ट्राइक, फिरवून चुकला तो स्ट्राइक, फाउल, आणि पाचव्या पिचला अंपायर बेब पिनेलीने स्ट्राइक दिला. उलटा के. मिचेल हा स्ट्राइकआउट न होण्यासाठी माहीत असलेला माणूस, अख्ख्या कारकीर्दीत ३,९८४ ॲट-बॅटमधे ११९ स्ट्राइकआउट. तो पिच बाहेर होता का यावर लोक अजून भांडतात. मी ती जागा परत परत थांबवून बघितली, त्या कॅमेऱ्याच्या कोनातून ठरवता येत नाही, त्यामुळे शेऱ्यात काही लिहिलेलं नाही.

१५ फेब्रुवारी

यँकीजची बॅटिंग सुरू. समोर पिचर साल मॅग्ली, वय ३९, दोनच आठवड्यांपूर्वी, २५ सप्टेंबरला त्याने स्वतः फिलाडेल्फियाविरुद्ध नो-हिटर (समोरच्यांना एकही हिट न देता पूर्ण केलेली मॅच) टाकलेली. या मॅचमधेसुद्धा त्याने पहिले ११ बॅटर ओळीने आउट केले. म्हणजे चौथ्या इनिंगमधे दोन आउट होईपर्यंत दोन्ही बाजूंना काहीच नाही. बारावा मँटल, राइट फिल्डमधे होम रन. १-०.

सहावी इनिंग भरताना सूत्र पुरतं झोपलं. केरी सिंगल (पहिल्या बेसपर्यंतचा हिट), लार्सनने सॅक्रिफाइस बंट (बॉलला बॅट हलकीच लावणं) करून त्याला दुसऱ्या बेसवर नेलं, बाउअर सिंगल आणि केरी घरी म्हणजे रन, २-०. कॉलिन्स सिंगल, बाउअर तिसऱ्या बेसवर. मग मँटलने बॉल हॉजेसकडे मारला. हॉजेसने पहिल्या बेसवर पाय दिला, मँटल आउट, आणि बॉल घरी फेकला, बाउअर तिसरा बेस आणि घर यांच्यामधे अडकला, कॅम्पॅनेला ते रॉबिन्सन ते परत कॅम्पॅनेला ते परत रॉबिन्सन, आणि बाउअर आउट. छापील बॉक्समधे डबल प्लेच्या ओळीत ही नावं अशीच ओळीने दिलेली आहेत, कॅम्पॅनेला आणि रॉबिन्सन दोन-दोनदा.

मी सलग ३२५२५ लिहिलं. सूत्राने कॅम्पॅनेलाला दोन असिस्ट दिले आणि हॉजेसचा मँटलवाला पुटआउट खाऊन टाकला. दोन दुरुस्त्या केल्या. एक, ज्या ओळीत दोन आउट आहेत तिथे ‘आउट अ’ आणि ‘आउट ब’ असे वेगळे रकाने, अ मधे नुसता ३, ब मधे ३२५२५. दोन, एकाच आउटसाठी तोच आकडा परत आला तर असिस्ट एकदाच मोजायचा, कारण अशा पकडापकडीत कितीही वेळा फेकला तरी एका फिल्डरला एकच असिस्ट मिळतो. हे सूत्रात बसवायला दुपार गेली. ज्यांना सूत्रं जमत नाहीत त्यांनी अशा ओळी हाताने भरा, एका मॅचमधे असून असून किती असणार.

२२ फेब्रुवारी

टॅली. बेसबॉलमधे ती अशी करतात: ॲट-बॅट, वॉक, अंगावर लागून मिळालेले बेस आणि सॅक्रिफाइस यांची बेरीज (कॅचरच्या अडथळ्यामुळे कुणी बेसवर गेला असेल तर तोही) एका बाजूला. रन, बेसवर उरलेले आणि समोरच्या टीमचे पुटआउट यांची बेरीज दुसऱ्या बाजूला. प्रत्येक बॅटरचं शेवटी या तीनपैकी एकच होतं, म्हणून दोन्ही सारख्या यायलाच पाहिजेत.

डॉजर्स: २७ बरोबर ० + ० + २७.

यँकीज: डावीकडे ३०, उजवीकडे २९. अंदाज आलाच, एक माणूस दोनदा मोजला जातोय. लार्सनचा बंट. सॅक्रिफाइस झाला की ॲट-बॅट धरत नाहीत, आणि माझ्या शीटमधे ती ओळ दोन्हीकडे पडत होती. दुरुस्त केल्यावर ॲट-बॅट २६, वॉक २ (स्लॉटर आणि मॅकडुगल्ड), सॅक्रिफाइस १, एकूण २९. उजवीकडे रन २, बेसवर उरलेले ३, पुटआउट २४. एकूण २९. नववी इनिंग यँकीजला खेळावीच लागली नाही म्हणून २७ ऐवजी २४.

मॅग्ली: ८ इनिंग, ५ हिट, २ रन, २ वॉक, ५ स्ट्राइकआउट, त्यातले तीन आठव्या इनिंगमधे ओळीने, लार्सन, बाउअर, कॉलिन्स. हिट मँटल, केरी, बाउअर, कॉलिन्स, मार्टिन, प्रत्येकी एक. छापील बॉक्सशी जुळलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी पिचरने असं टाकलं असतं तर जिंकून घरी गेला असता, मला त्याचं फार वाईट वाटतं.

खर्च विचाराल तर कोऱ्या स्कोअरशीटच्या प्रिंट, पेन्सिली आणि व्हिडिओला गेलेला डेटा, सगळं मिळून पाचशेच्या आत. वेळ मात्र भरपूर, आणि त्यातला बराचसा तारखांच्या भानगडीत आणि सहाव्या इनिंगच्या त्या एका ओळीत.

आता याच सिरीजची दुसरी मॅच घेतलीय, ५ ऑक्टोबर, एबेट्स फील्ड, डॉजर्स १३, यँकीज ८. त्यात हाच लार्सन, १ पूर्ण २/३ इनिंग, १ हिट, ४ वॉक, ४ रन आणि चारही अनअर्न्ड (फिल्डिंगच्या चुकीमुळे झालेले, पिचरच्या माथी न मारलेले). म्हणजे एररची (फिल्डिंगमधल्या चुकांची) बाजू आधी लावायला लागणार, त्यासाठी प्रत्येक धावणाऱ्याचा वेगळा रकाना करतेय, कोण कशामुळे बेसवर आला आणि एरर झाला नसता तर इनिंग कुठे संपली असती हे ओळीतच दिसेल असा.